दार मोडू नकोस

बेल वाजली तेव्हा मी फरशीवरचं रक्त पुसत होतो. फार नव्हतं. भुवई फुटली की लागलेलं असतं थोडं आणि वाहतं जास्त. दुपारचे साडेतीन वाजले होते. मला वाटलं कचरेवाला असेल, म्हणून फडकं हातात तसंच घेऊन दार उघडलं. दारात एक बाई. साधे कपडे, पायांत कापडी बूट, खांद्याला पिशवी. मागे एक उंच पोरगेलासा माणूस, काखेत वही. जनगणनेची माणसं, असं मी धरून चाललो. "पोलीस," बाई म्हणाल्या. अगदी हळू, शेजारच्या दारांना ऐकू जाऊ नये इतपत. ओळखपत्र दाखवलं आणि विचारलं, "आत येऊ का?" पोलीस असं विचारतात हे मला माहीत नव्हतं. गणवेश कसा नाही, असं मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. "घरात अठराच्या आतलं कुणी असलं की गणवेश घालून जायचं नाही, असा नियम आहे," त्या म्हणाल्या. म्हणजे घरात कोण आहे हे त्यांना ठाऊक होतं. कुणीतरी सगळं नीट सांगितलं होतं.

हे काम खालच्या मजल्यावरच्या गुरुजींचं, असं मी त्याच क्षणी ठरवून टाकलं. निवृत्त शिक्षक आहेत, एकटेच राहतात. आमच्याकडे काही आदळलं की ते काठीने आपलं छत ठोकतात. गेल्या पाच महिन्यांत त्यांच्या छताचा गिलावा निघाला असेल. बाई माझ्या भुवईकडे बघत होत्या. "लागलंय तुम्हाला."

"शिडीवरून पडलो."

"कुठे?"

"इथेच. माळ्यावरचं सामान काढत होतो."

त्यांनी माळ्याकडे पाहिलं, खाली पाहिलं, कोपऱ्यांत पाहिलं. "शिडी?"

"दुकानात आहे," मी म्हणालो, आणि माझं मलाच ऐकू आलं. वहीवाला खाली बघून ओठ चावत होता. बाई हसल्या नाहीत. "आणखी कोण आहे घरात?" मी म्हणालो, मुलगी आहे, अभ्यास करतेय. झुली. खरं नाव शाळेत. लहान असताना दाराच्या मुठीला लोंबकळून झुलायची, म्हणून ही तिला झुली म्हणायची. ही म्हणजे माझी बायको. ती गेली त्याला अकरा महिने झाले. बिजागरी निखळेल म्हणून मी ओरडायचो, तर ही म्हणायची, घरात कुलूपवाला असताना दाराची कसली काळजी करता.

कुलूपवालाच मी. बाजारात आठ फूट रुंद दुकान आहे. एक फळी, एक कानसांचा खण, किल्ल्यांचं एक यंत्र आणि भिंतभर लटकणाऱ्या कोऱ्या किल्ल्या. वर पाटी आहे: 'कुठलंही कुलूप न मोडता उघडून मिळेल.' हे वाक्य हिचं. पाटी रंगवणारा म्हणाला होता, एवढी अक्षरं बसायची नाहीत. तर ही म्हणाली, माझ्या नवऱ्याचं नाव काढा, पण हे राहू द्या. म्हणून दुकानाला नाव नाही. लोक 'न मोडता' म्हणूनच ओळखतात. "ए न मोडता, चहा सांगू का?" असं समोरचा चप्पलवाला ओरडतो. मीही जिथे जाईन तिथे दाराला हात लावायच्या आधी हेच सांगत आलो. घाबरू नका, मोडणार नाही. माणसाला बरं वाटतं. दार मोडलं की घर उघडं पडल्यासारखं होतं. मी पट्टी घालायचो, डोळे मिटायचो, बोटांना आतला खटका लागेपर्यंत थांबायचो. तीस वर्षांत मी एकही दार मोडलं नाही.

बाई म्हणाल्या, "मुलीशी मी बोलते. तुम्ही स्वयंपाकघरात बसा, हा तुमच्याजवळ थांबेल. दोघांनी एकमेकांना दिसायचं नाही आणि ऐकू यायचं नाही, अशी आमची पद्धत आहे." पद्धत चांगली आहे. फक्त आमच्या घरात ती चालत नाही. त्यांनी स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. ते करकरत वीतभर उघडलं. त्यांनी पुन्हा ओढलं. ते पुन्हा उघडलं. चौकटी जुन्या आहेत, बिजागऱ्या उतरल्या आहेत, कडी नसली की प्रत्येक दार आपोआप वीतभर उघडतं. "भूतबित आहे का काय?" वहीवाला म्हणाला आणि बाईंनी बघताच गप्प झाला. बाईंनी तिसऱ्यांदा दार धरलं तेव्हा त्यांचं बोट कडीच्या जागी गेलं. तिथे चार भोकं आहेत, भुसा आणि गोंद भरून बुजवलेली. त्यांनी त्या भोकांवरून बोट फिरवलं. मग पॅसेजमध्ये गेल्या. बाथरूमच्या दारावर बोट फिरवलं. झुलीच्या दारावर फिरवलं. परत आल्या.

"कड्या कुठे आहेत?"

"काढल्या."

"बाथरूमची?"

"सगळ्याच."

"कुणी?"

"मीच. माझा धंदाच तो."

"पंधरा वर्षांच्या मुलीच्या बाथरूमला कडी नाही," त्या म्हणाल्या. हा प्रश्न नव्हता. त्यांचा आवाज तोवर दवाखान्यातल्या बाईसारखा होता, तो बदलला. त्या मला आता वेगळ्या जागी ठेवून बघत होत्या. ते कसं दिसतं हे मला पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांतून दिसलं. मी माझ्या मुलीच्या दाराची कडी काढणारा माणूस होतो. एका वाक्यात मी सुटलो असतो. मी मारणारा नाही, मार खाणारा आहे. पण ते वाक्य बोललं की ते झुलीच्या नावावर लिहिलं जाणार होतं, म्हणून मी ते गिळलं. "शिडीवरून पडलो," मी पुन्हा म्हणालो. "बसा," त्या म्हणाल्या, आणि झुलीच्या खोलीत गेल्या.

मी ओट्याजवळच्या स्टुलावर बसलो. वहीवाल्याने दाराला पाठ लावली, म्हणजे ते निदान लागलेलं राहील. तरी आवाज येत होता. शब्द नाही, नुसता चढउतार. बाईंचा सरळ, झुलीचा मध्येच तुटणारा. एखाद्या शब्दाला कान लागला असता तर मला ऐकू आलं असतं, कारण माझं सगळं आयुष्य बारीक आवाज ऐकण्यात गेलं आहे. मी उठलो आणि नळ सोडला. वहीवाला म्हणाला, "काय करताय?" मी म्हणालो, पाणी प्यायचंय. पेला भरून वाहू लागला तरी नळ बंद केला नाही. तेवढंच दार मला तिला देता येत होतं. पाणी वाहत राहिलं आणि मी पेल्याकडे बघत राहिलो.

त्या दिवशीही पाण्याचा आवाज होता. झुलीचा फोन आला तेव्हा मागे तो ऐकू येत होता. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका दंतवैद्याचं कपाट उघडत होतो. "बाबा, आई बाथरूममध्ये पडलीये. आवाज आला. हाक मारतेय तर बोलत नाहीये. आतून कडी आहे." मी म्हणालो, चक्कर आली असेल. ती म्हणाली, "मी खलबत्त्यातला बत्ता आणलाय. फोडू का? बाबा, फोडू का?" चौदा वर्षांची होती. त्या दाराची फळी पातळ आहे, मला माहीत होतं. लोखंडी बत्त्याने कुणीही दोन मिनिटांत फोडलं असतं. मी म्हणालो, "दार मोडू नकोस. मी आलोच. दहा मिनिटांत आलो." का म्हणालो? पुढे मी पुष्कळ कारणं शोधून ठेवली. फळी हिच्या अंगावर पडेल. झुलीच्या हाताला लागेल. चक्करच असणार. पण खरं कारण तेवढं मोठं नाही. मला तेच बोलायची सवय होती. एवढंच. मी हत्यारं पिशवीत नीट लावून घेतली, कारण त्या कडीला बारीक पट्टी लागते हे मला आठवत होतं. पोचलो तेव्हा झुली दाराशी उभी होती. हातात बत्ता तसाच. मी तिला बाजूला केलं, पट्टी घातली, चाळीस सेकंदांत दार उघडलं. दाराला ओरखडासुद्धा आला नाही.

डॉक्टर म्हणाले, जे व्हायचं ते पहिल्या काही मिनिटांतच झालं असावं, पण नक्की सांगता येत नाही. मी त्यातला पहिला अर्धा भाग धरून बसलो, झुली दुसरा. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. भेटायला लोक यायचे, मी सांगायचो, दार आतून बंद होतं, मी धावत आलो, पण तोवर संपलं होतं. तीसेक वेळा सांगितलं असेल. फोनचं कधी सांगितलं नाही. झुली चहाचे कप घेऊन यायची आणि ऐकायची. एकदा मी "पंधरा मिनिटांत पोचलो" म्हणालो तेव्हा तिच्या हातातला ट्रे थोडा वाजला. लोकांचं येणं थांबलं तशी एका सकाळी मी पेचकस घेतला आणि घरातल्या सगळ्या कड्या काढल्या. एका डब्यात ठेवल्या. बत्ता माळ्यावर टाकला. ती बाथरूममध्ये गेली की दोन मिनिटांनी मी बाहेरून विचारायचो, "आहेस ना?" ती म्हणायची, आहे. खोलीत असली, दार लोटलेलं असलं, की विचारायचो, "आहेस ना?" आधी ती म्हणायची, आहे. मग म्हणायची, आहे ना! मग म्हणायची, नाही, मेले! मग काही म्हणेनाशी झाली. ती गप्प राहिली की मी दार ढकलायचो. पहिल्यांदा तिने मला नुसतं बाहेर लोटलं, मी दाराच्या मुठीवर आपटलो, बरगडी महिनाभर दुखत होती. मग थप्पड. मग हाताला लागेल ते. मारून झालं की तीच फ्रिजमधून बर्फ आणायची, रुमालात बांधून माझ्या हातात द्यायची आणि काही न बोलता जायची. मी उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे शर्ट घालू लागलो. गिऱ्हाइकाने विचारलं की सांगायचो, कुलपाची स्प्रिंग उडाली. कुलूपवाल्याला ही एक सोय आहे.

आज तिच्या कानात गाणी होती. दाराला आतून खुर्ची लावलेली होती. मी चार वेळा विचारलं. पाचव्यांदा खांदा लावला, खुर्ची पडली, ती दचकून उठली, आणि तिच्या हाताला पितळी कुलूप लागलं. अर्ध्या किलोचं आहे, कुठल्याशा गोदामाचं. गिऱ्हाईक परत आलंच नाही. दार उघडत राहतं म्हणून खाली टेकू लावायला मीच ते तिला दिलं होतं. भुवईवर बसलं तेव्हा दुखलं नाही, नुसता पांढरा उजेड झाला. ती माझ्याकडे बघत राहिली. मग कुलूप खाली टाकून आत गेली. मी ते उचललं, धुतलं आणि पलंगाखालच्या खोक्यात बाकीच्या कुलपांत टाकून दिलं. आमच्या घरात कुलूप लपवणं अवघड नाही.

नळ बाईंनी बंद केला. त्या कधी आल्या कळलं नाही. समोर दुसरं स्टूल ओढून बसल्या. "शिडीचं पुन्हा एकदा सांगता?"

मी म्हणालो, "गुरुजींना सवय आहे हो. जरा काही वाजलं की—"

"कोण गुरुजी?"

"खालचे. ज्यांनी फोन केला."

बाईंनी वहीवाल्याकडे हात केला. त्याने वही दिली. त्यांनी पान शोधलं आणि वाचलं, काही न घालता, काही न गाळता. "तीन वाजून दहा मिनिटं. माझं वय पंधरा. मी बाबांना मारलंय, रक्त येतंय. पाच महिने मारतेय. मला थांबता येत नाहीये. तुम्ही या. बाबा सांगणार नाही. तो म्हणेल, पडलो."

गुरुजींवर एवढ्या वेळात मी केवढा राग साठवला होता, तो कुठे ठेवावा कळेना.

"मी गोड करून सांगत नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही पडलो म्हणालात की ती खोटी ठरते. घरात एका दाराला कडी नाही, बाप खोटं बोलतोय, मुलगी सगळं स्वतःवर घेतेय. मग मला वेगळंच लिहावं लागतं. आणि तिला आजच्या आज इथून न्यावं लागतं. तुमच्यापासून लांब."

"आणि खरं सांगितलं तर?"

"तर तिचं नाव माझ्या वहीत येतं. पहिली वेळ आहे, स्वतः बोलावलंय, म्हणून बाल-अधिकाऱ्यांपुढे जाईल. दर आठवड्याला यावं लागेल, तुम्हालाही. पुन्हा मारलं तर मग माझ्या हातात राहणार नाही."

"नाव न येता काही..."

"काका," वहीवाला एकदम म्हणाला. त्याचं बोलायचं काम नव्हतं. "ती तासभर आधीच स्वतःचं नाव सांगून बसलीये."

मी उठलो. पलंगाखालचं खोकं आणलं. वीस-पंचवीस कुलपं होती, वहीवाल्याने शिटी मारल्यासारखं तोंड केलं. मी त्यातून पितळी काढून बाईंच्या पुढे ठेवलं. "हे." मग बरगडी सांगितली, थप्पड सांगितली, तारखा आठवल्या तेवढ्या सांगितल्या. प्रत्येक वाक्य तोंडातून काढताना मी माझ्या हाताने तिला कुठेतरी पोचवत होतो असं वाटत होतं. वहीवाला लिहीत होता. त्याचं पेन कागदावर खरखरत होतं. मला वाटत होतं, थांबावं, अजून थांबता येईल.

"का मारते?" बाईंनी विचारलं.

"तिला विचारलंत ना?"

"विचारलं. ती म्हणाली, बाबांना विचारा."

ते विचारणारं माणूस अकरा महिन्यांत आलं नव्हतं. मी खाली बघितलं. बोटांना पितळेचा वास येत होता. "तिने मला फोन केला होता," मी म्हणालो. "तिची आई आत पडली तेव्हा. ती दार फोडायला उभी होती, हातात बत्ता होता. मी म्हणालो, दार मोडू नकोस. मी येतो. मला यायला वीसेक मिनिटं—"

"सव्वीस."

दार नेहमीसारखं वीतभर उघडलं होतं. वहीवाला लिहिण्याच्या नादात दारापासून सरकला होता. फटीत झुली उभी होती, अर्धी दिसत होती. डोळे सुजलेले, केस तोंडावर. कधीपासून उभी होती, माहीत नाही. पद्धत मोडली तरी बाईंनी तिला हटकलं नाही.

"सव्वीस," मी वहीवाल्याला म्हणालो. "सव्वीस लिहा."

त्याने लिहिलं. मी सही केली. झुलीनेही आपल्या कागदावर केली, बाईंच्या पेनाने, शाळेतल्या वहीवर करते तशी पूर्ण नाव काढून. जाताना बाई पितळी कुलूप कागदात गुंडाळून घेऊन गेल्या. दारातून वळून म्हणाल्या, "सोमवारी दहाला दोघं. आणि बाथरूमची आणि तिच्या खोलीची कडी आज लागली पाहिजे. हा सहा वाजता बघून जाईल." वहीवाला जिना उतरताना गुरुजी दार उघडून उभे असलेले दिसले. त्यांनी वर बघून मला विचारलं, "सगळं ठीक ना?" मी म्हणालो, "नाही."

मी कड्यांचा डबा काढला. बाथरूमपासून सुरुवात केली. बुजवलेली भोकं पुन्हा पाडावी लागली, भुशाचा चुरा फरशीवर पडत होता. स्क्रू दोनदा निसटला. झुली पॅसेजमध्ये उभी होती. बर्फ आणला नव्हता आज. "दे इकडे," ती म्हणाली. "तिरका जातोय." लहानपणी दुकानात फळीखाली बसून ती स्क्रू वेगळे करायची, आकाराप्रमाणे. तिने चारही स्क्रू सरळ बसवले, कडी मागेपुढे करून बघितली. मग माळ्याकडे गेली, खुर्चीवर चढली आणि मागून बत्ता काढला. धुळीने भरला होता. ओढणीने पुसला. मी कुठे ठेवला होता हे तिला सुरुवातीपासून माहीत होतं. बाथरूमच्या बाहेरच्या फळीवर, हाताशी येईल असा ठेवला.

"लावून बघ," ती म्हणाली. "आतून. आणि तोंड धू, रक्त वाळलंय."

मी आत गेलो, दार लोटलं, कडी सरकवली. नीट बसली. अकरा महिन्यांत मी तिथे कडी लावून उभा राहिलो नव्हतो. नळ सोडला. आरशात पाहिलं नाही. खाली वाकलो तर फरशी जवळ आली, आणि फरशीवरून दार कसं दिसतं ते मला दिसलं. खालून उजेडाची एक रेघ येते. त्या रेघेत बाहेर उभ्या असलेल्या माणसाचे पाय दिसतात. झुलीचे पाय दिसत होते. ती गेली नव्हती. हिने पाहिले असतील का? पहिली काही मिनिटं? त्याच्या पुढे? ते पाय सव्वीस मिनिटं तिथेच उभे होते. मी भिंतीला धरून खाली बसलो. पाणी वाहत होतं.

"बाबा?" बाहेरून आवाज आला. मग थोड्या वेळाने, "आहेस ना?"

आहे म्हणायचं होतं. तोंड उघडून मी नुसता बसलो होतो, तोंडात पाणी आणि रक्ताची चव.

"बाबा, आहेस ना?"

रेघेतले पाय हलले. फळीवरून लोखंड उचलल्याचा आवाज मला ओळखू आला, आणि त्याच क्षणी दारावर पहिला घाव बसला. भुशाचा चुरा माझ्या मांडीवर उडाला. कडी हाताच्या अंतरावर होती. नुसतं बोट लावलं असतं तरी सरकली असती. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. अंग चोरून भिंतीला चिकटलो.

"मोड," मी म्हणालो.

बाहेर सगळं थांबलं. तिने ऐकलं होतं. मी जिवंत आहे, बोलतोय, हे तिला कळलं होतं. मला वाटलं, आता ती बत्ता ठेवेल.

मग दुसरा घाव पडला, पहिल्यापेक्षा जोरात. तिसरा. खालून गुरुजी छत ठोकू लागले. ती आता रडत होती, मोठ्याने, लहान पोरासारखी, आणि प्रत्येक हुंदक्याला मारत होती. फळीला चीर गेली, चिरेतून उजेड आला, मग तिची बोटं आली आणि तिने तुकडा ओढून काढला. दार मोडायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.